कोर्टात साक्ष दिली आणि माझाच रिपोर्ट माझ्या अंगावर आला. वकिलांबरोबर काम कसं करायचं?

वाळपईकरीण

नमस्कार. मी गोव्यात, सत्तरी तालुक्यात मुलांच्या संरक्षणाचं काम करते. संस्थेचं नाव लिहीत नाही. एमएसडब्ल्यू करून अडीच वर्षं झाली. बालकल्याण समितीने (सगळे सीडब्ल्यूसीच म्हणतात) एखाद्या मुलाची चौकशी करायला सांगितली की त्याच्या घरी जायचं, माणसांशी बोलायचं आणि एसआयआर, म्हणजे सामाजिक चौकशीचा अहवाल, लिहून द्यायचा, हे माझं मुख्य काम. कायद्याने १५ दिवसांत द्यायचा असतो, कारण समितीला ४ महिन्यांत अंतिम हुकूम करायचा असतो.

गेल्या मंगळवारी आयुष्यात पहिल्यांदा साक्षीला उभी राहिले. दहा वर्षांचा मुलगा. आईबरोबर राहणाऱ्या माणसाने काजूच्या फोकाने मारलं, गोवा बाल कायद्याखाली केस. (तपशील बदललेत.) पीपींनी (सरकारी वकिलांनी) रिपोर्टवरची सही माझीच ना विचारलं, दोन-तीन प्रश्न केले आणि बसले. मला वाटलं, झालं. मग समोरचे वकील उठले.

"मॅडम, तुम्ही लिहिलंय, मुलगा मानसिकदृष्ट्या खचलेला आहे. तुम्ही डॉक्टर?"

"नाही."

"सायकॉलॉजिस्ट?"

"नाही."

"बरं. घरी किती वेळ होता?"

"चाळीस मिनिटं."

"त्यात चहा घेतलात?"

घेतला होता. खोटं कसं बोलू? मी 'हो' म्हटलं तर मागे बसलेले दोन ज्युनियर वकील हसले. चाळीसच मिनिटं का, तर पावणेबाराची कदंब बस चुकली असती तर पुढची थेट तीनला. पण हे काही त्यांनी विचारलं नाही आणि आपणहून सांगायचं असतं का तेही मला ठाऊक नव्हतं.

पुढे: "शेजारी सांगतात की तो रोज दारू पिऊन मारतो. कुठला शेजारी?" मी नाव लिहिलंच नव्हतं, कारण त्या बाईने हात जोडले होते, बाय माझं नाव नको घालू म्हणून. "रोज म्हणजे? तुम्ही किती रोज पाहिलंत?" एकदाही नाही. "आई बेजबाबदार आहे, हे कशावरून?" ती त्या वेळी घरी नव्हती यावरून. कुठे होती? काजूच्या बागेत, रोजावर. मार्च महिना होता. हे मला तिथे उभी असताना आठवलं.

बाहेर आल्यावर मी पीपींवरच चिडले. म्हटलं, सर, आपल्या मुलाच्या बाजूने एखादं तरी ऑब्जेक्शन घ्यायचं. ते फाईल बांधत म्हणाले, "बाई, माझा अशील सरकार आहे. आणि तुम्ही मला आज सकाळी कॉरिडॉरमध्ये पहिल्यांदा दिसलात." वाईट वाटलं, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

आता अजून एका केसचं समन्स आलंय, तीन आठवड्यांनंतरचं. ऑफिसातल्या सीनियर म्हणतात, पीपींना आधी भेटू नको, साक्षीदार शिकवला म्हणतील. खरं आहे का? शिवाय या दुसऱ्या केसमधल्या आरोपीच्या वकिलांचा मला मोबाईलवर फोन आला होता. गोड आवाजात, रिपोर्टची कॉपी व्हॉट्सॲप करा, सगळ्यांचाच वेळ वाचेल. मी 'बघते' म्हटलं. काय बघायचं तेच कळत नाहीये. वकील लोकांबरोबर आपण काम करायचं म्हणजे नक्की कसं? की आपला कागद हा त्यांना फाडायलाच असतो?

मडगावची मावशी

उत्तर सावकाश देते. आधी वाडीचं नाव आणि शाळेचा उल्लेख काढ. आत्ता. मुलाची ओळख पटेल असं काहीही छापणं हा बालन्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, आणि वाळपईत दहा वर्षांचे मुलगे किती आणि काजूचे फोक किती, हे लोक मोजतील.

वाळपईकरीण

काढलं. चुकलंच माझं. आभारी आहे.

काळा कोट, म्हापसा

बाय, तुला एक आधी सांगून टाकतो. तुझी जी उलटतपासणी झाली तशी मी गेली बावीस वर्षं घेत आलोय. मी आरोपीचा वकील. त्यामुळे समोरचा माणूस तुझा रिपोर्ट कसा वाचतो तेवढं मी खात्रीने सांगू शकतो.

एसआयआर हातात आला की मी पहिल्यांदा पेन्सिल घेतो आणि विशेषणांभोवती गोल काढतो. खचलेला. बेजबाबदार. अयोग्य वातावरण. संशयास्पद. प्रत्येक गोल म्हणजे मला एक फुकटचा प्रश्न. मग 'समजते', 'सांगण्यात आले', 'असे कळले' यांच्याखाली रेघ. कोणी सांगितलं हे नसलं की तो मजकूर ऐकीव. तू घरात मोजमापं घेत बसायला हवं होतंस असं नाही. पण त्या चाळीस मिनिटांत तुला काहीतरी दिसलं असणारच, ज्यावरून 'खचलेला' हा शब्द तुझ्या मनात आला. ते काय होतं? तो दाराकडे बघत होता? आजीने पेज वाढली ती तशीच ठेवली? त्या माणसाची मोटरसायकल वाजली तेव्हा आत गेला? ते लिही. 'मोटरसायकलचा आवाज आल्यावर मुलगा उठून मागच्या खोलीत गेला, मी निघेपर्यंत बाहेर आला नाही.' यावर मी काय विचारणार? फार तर विचारीन की मोटरसायकल कुणाची होती. आणि तू सांगशील.

मत लिहूच नको असं नाही. समितीला तुझं मत हवंच असतं, फॉर्ममध्ये शिफारशीला जागाच आहे. पण ते शेवटी, 'माझे मत' म्हणून, वर लिहिलेल्या कुठल्या गोष्टीवरून झालं ते सांगून. वर मिसळलंस की तुझं पाहिलेलंही मत ठरतं.

त्या शेजारणीचं म्हणशील, तर तिचं नाव रिपोर्टात घालायचं नसेल तर 'रोज मारतो' हे वाक्यही तिच्या भरवशावर घालू नको. समितीला तोंडी सांग की अशी एक व्यक्ती आहे, घाबरते आहे. समितीला प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, तिला बोलवायचं की नाही ते ठरवू दे. (मी वकिलीत नवा असताना सीडब्ल्यूसी म्हणजे महिला मंडळाची बैठक समजत असे. एकदा त्यांच्या हुकमावर हसलो आणि अशिलाचं मूल पुढचे पाच महिने त्याला मिळालं नाही. तेव्हापासून कायदा वाचून जातो.)

आता तुझी रोजची डायरी. साक्ष देताना, त्या वेळी स्वतः लिहिलेलं टिपण पाहून आठवण ताजी करायला कायदा परवानगी देतो. पण तू टिपण उघडलंस की तेच टिपण मीही मागू शकतो आणि त्यावर प्रश्न विचारू शकतो. त्यात मधेच कांदे-बटाट्याची यादी असेल तर मी तीही वाचून दाखवीन, मला लाज नाही. म्हणून भेटीची वही वेगळी ठेव. तारीख, पोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ, खोलीत कोण कोण होतं. बस किती वाजताची होती तेही लिही. 'चाळीसच मिनिटं का' याचं उत्तर त्यात आहे आणि ते प्रामाणिक आहे.

पीपींना भेटायचं का? भेटायचं. साक्षीदाराने सरकारी वकिलांना भेटणं, आपला जबाब परत वाचणं, आपल्याला नक्की काय माहीत आहे ते त्यांना सांगणं, यात काही गैर नाही. गैर आहे ते काय बोलायचं हे ठरवून देणं. तुझ्या सीनियर बाईंची भीती मला कळते, पण मी उलटतपासणीत विचारतो ना, 'तुम्ही पीपींना भेटलात का?', तेव्हा दहातले आठ साक्षीदार घाबरून 'नाही' म्हणतात. आणि मी त्यांना बाहेर बाकड्यावर पीपींबरोबर बसलेलं पाहिलेलं असतं. भेटून नुकसान होत नाही, ते लपवून होतं. विचारलं तर सरळ सांगायचं: भेटले, पंधरा मिनिटं, माझा रिपोर्ट पुन्हा वाचला. एक पथ्य मात्र पाळ. सरतपास (पीपींचे प्रश्न) होऊन उलटतपासणी बाकी असताना तारीख पडली, तर मधल्या काळात त्या साक्षीबद्दल पीपींशीही बोलू नको.

आणि तो गोड आवाजाचा फोन. तो माझा नव्हता अशी आशा आहे. 'बघते' नाही, 'नाही' म्हणायचं. समितीपुढचे रिपोर्ट गोपनीय असतात, कलम ९९. त्यांना जे मिळायला हवं ते आरोपपत्राबरोबर कोर्टातून मिळतं, आणखी काही हवं असेल तर अर्ज करायचा, समितीकडे किंवा कोर्टात. तू एवढंच म्हण, 'साहेब, माझ्या हातात नाही, अर्ज करा.' रागावायचं काही कारण नाही, विचारणं हे त्यांचं काम आहे. फोन कधी आला ते वहीत लिहून ठेव आणि पीपींना सांग.

शेवटचं. पीपी तुमच्या मुलाचे वकील नाहीत, हे तुला कॉरिडॉरमध्ये कळलं, खरं तर कोणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. मुलाला स्वतःचा वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर. १९८७ च्या कायद्याने मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तो वकील सरकारी वकिलांना मदत करतो, खटला चालवत नाही, पण तुझा फोन तरी उचलतो.

कोल्हापूरची सून

वकीलसाहेबांनी रिपोर्टचं सांगितलं, मी भाषेचं सांगते. मी समुपदेशक, लग्नानंतर फोंड्याला आले. पहिल्याच वर्षी एका सात वर्षांच्या मुलीशी बोलत होते. ती कोंकणीत म्हणाली, बाप्पान मारलें. मी टिपणात लिहिलं, 'वडिलांनी मारले.' पुढे ते इंग्रजीत गेलं, टाइप झालं. दहा दिवसांनी तिच्या आईने कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. त्यांच्या घरात काकांना बाप्पा म्हणतात! वडील दुबईला. तोवर पोलिसांनी वडिलांचा पासपोर्ट नंबरही मागून झाला होता.

तेव्हापासून मी मुलाचा शब्द आहे तसा अवतरणात लिहिते, देवनागरीत, आणि खाली कंसात 'म्हणजे कोण, विचारले, उत्तर:...' असं. आपल्याकडे पोलीस मराठी-कोंकणीत ऐकतात, कोर्टाचा कागद बहुतेक इंग्रजीत होतो, आणि मूल कधी लमाणी बोलतं, कधी कन्नड. पोक्सोत (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) दुभाष्याची तरतूद आहे. मागावा लागतो, आणि तो मागायचं सरकारी वकिलांना सुचणार कसं, आपण सांगितलंच नाही तर?

शिकवण्याबद्दल. मी काही केसेसमध्ये सपोर्ट पर्सन, म्हणजे खटल्यात मुलाला साथ देणारी, म्हणून नेमली गेले आहे. २०२० च्या पोक्सो नियमांत हे काम नीट लिहिलंय, दर महिन्याला समितीला रिपोर्ट द्यावा लागतो, आणि २०२३ साली सुप्रीम कोर्टानेही यावर निर्देश दिले. मुलाला मी घटनेबद्दल एक शब्दही विचारत नाही. कोर्ट दाखवते. आधीच्या एखाद्या दिवशी, पीपींना सांगून, रिकाम्या खोलीत नेते. न्यायाधीश इथे बसतात, तू इथे, पाणी इथे, शू लागली तर सांगायचं, मधे सुट्टी मिळते. पोक्सोच्या केसमध्ये वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि त्यांनी मुलाला विचारायचे, असं कलम ३३ मध्ये आहे. हे कळलं की मुलांचा अर्धा धसका जातो, आणि पालकांचा तर सगळाच. एका मुलाचा एकच प्रश्न होता: तो माणूस मला दिसणार का? मला उत्तर नक्की माहीत नव्हतं. पीपींना फोन केला, त्यांनी कोर्टाला विनंती केली, पडदा लागला. पाच मिनिटांचा फोन.

साळचो पाव्हणो

सगळं छान आहे हो. पण हे वकील फोन उचलतात कुठे? मी डिचोलीत याच कामात आहे. एका सरकारी वकिलांना सहा वेळा फोन केला, सातव्यांदा मेसेज आला, 'इन कोर्ट'. संध्याकाळी साडेसहालाही 'इन कोर्ट'. आमच्याकडे गाडी नाही, माणसं दोन, आणि वर आम्हीच वकिलांच्या मागे धावायचं?

काळा कोट, म्हापसा

पाव्हण्या, खरं आहे. सरकारी वकिलाकडे एका दिवशी बोर्डावर पंचवीस केसेस असतात, त्यातली तुझी कुठली हे त्यालाही सकाळी कळतं. फोन करू नको. कागद पाठव. अर्ध्या पानाचा. केस नंबर, पुढची तारीख, मुलाची भाषा, मुलाला कशाची भीती वाटते, पडदा किंवा दुभाषा हवा का, तुझा नंबर. तो फाईलला टाचून ठेवतील. मी आरोपीचा वकील असून सांगतो, असा कागद ज्या फाईलला असतो तिथे पीपी तयार होऊन येतात.

आणि तुमच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात लीगल-कम-प्रोबेशन ऑफिसर असं पद असतं. कोणी बसलंय का तिथे? असेल तर हे धावणं त्यांचं काम आहे.

साळचो पाव्हणो

बसलेत. त्यांनाही मी अजून भेटलेलो नाही, खरं सांगायचं तर. सोमवारी जातो.

मडगावची मावशी

मी आठ वर्षं समितीवर होते, आता निवृत्त. वकीलबाबांचं पटतं, फक्त एक सांगते, 'वकील आपल्याला समजून घेत नाहीत' हे रडगाणं मी आमच्या बाजूने फार ऐकलंय. आम्हीही त्यांना समजून घेत नाही. आमच्यातल्या एका बाईंना आरोपीचा वकील म्हणजे आरोपीच वाटे. त्याच्याशी बोलत नसत, पाणी विचारत नसत. उद्या तुझ्याच बालगृहातल्या पोरावर कोणी चोरीचा आळ घातला तर तोच वकील लागणार आहे ना?

तुम्ही मुलं लहान असाल किंवा जन्मलाही नसाल. १९९१ साली आमच्या मडगावात फ्रेडी पीट्स पकडला गेला. अनाथाश्रम चालवत होता, गावात मान होता. शिक्षा झाली १९९६ ला, जन्मठेप. मधली वर्षं ती केस जिवंत राहिली कारण शीला बर्से यांच्यासारखी, वकील नसलेली पत्रकार-कार्यकर्ती, कागद घेऊन कोर्टाच्या मागे लागली होती. गोवा बाल कायदा २००३ चा. त्यातलं वेगळं बाल न्यायालय आपल्याला आज साधं वाटतं, तेव्हा मुलं मोठ्यांच्या कोर्टात, आरोपीच्या शेजारच्या बाकावर बसून हाक येण्याची वाट बघत असत. मी पाहिलंय.

वाळपईकरीण, काजूच्या बागेतली ती आई. तिचं काय झालं?

वाळपईकरीण (पाच आठवड्यांनी)

उशिरा लिहितेय, माफ करा.

मावशी, त्या आईकडे गेले होते. तारखेसाठी नव्हे, अशीच. माझ्या रिपोर्टात 'बेजबाबदार' लिहिलंय हे तिला कोर्टात भाषांतर करून कोणीतरी ऐकवलं होतं. तिने मला बस म्हटलं नाही. उभ्याउभ्या म्हणाली, "तू आलीस त्या दिवशी मी दुपारी दीडला घरी येणार होते. तू थांबली असतीस तर दिसले असते." मी समितीला पुरवणी अहवाल दिला. तिच्या कामाच्या वेळा, मुकादमाशी बोलून, आणि तेवढा वेळ मूल कुणाकडे असतं ते. त्या माणसाचा निकाल अजून यायचाय, पण मुलगा आता आजीकडे आहे आणि आई रोज संध्याकाळी जाते. हे वाक्य मी लिहिण्याआधी तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन पाहिलं. तीनची बस घेऊन.

दुसऱ्या केसची साक्ष झाली. अर्ध्या पानाचा कागद आठवडाभर आधी दिला होता. पीपींनी जिन्याखाली वीस मिनिटं दिली. त्यांनी मला एकच विचारलं, "यातलं तुम्ही स्वतः काय पाहिलं?" आणि त्याच्याच खाली पेनाने खुणा केल्या. उलटतपासणीत तो प्रश्न आलाच. पीपींना भेटलात का? भेटले. कशासाठी? रिपोर्ट वाचायला. वकील पुढच्या प्रश्नावर गेले. मग विचारलं, घरी कितीदा गेलात? दोनदा. वेळा सांगितल्या. वहीत पाहू का म्हटलं, तर म्हणाले, राहू दे.

गोड आवाजाचे वकील तेच होते. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये भेटले, म्हणाले, "तुम्ही अर्ज करा म्हणालात, मी केला, मिळाला." आणि बटाटवड्याची प्लेट माझ्याकडे सरकवली. घेतली नाही, पण म्हटलं थँक्यू.

आता एक नवीन प्रश्न. त्या मुलाची आजी दोन तारखांना केरीहून आली. दोन बसेस, दिवसाचा रोज बुडाला, पहिल्या तारखेला तर साक्ष झालीच नाही. तिचे पैसे कोण देतं? मी पहिल्यांदा माझ्या पर्समधून दिले, दरवेळी नाही जमणार.

काळा कोट, म्हापसा

साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारने द्यावा असा हुकूम फौजदारी कोर्ट करू शकतं. मागावा लागतो. साक्ष झाली नाही तरी ती हजर होती, हे हजेरीत लागायला हवं. तिकिटं जपून ठेवायला सांग, आणि पीपींना त्याच दिवशी, कोर्ट उठायच्या आधी बोल. दुसऱ्या दिवशी गेलीस तर शिरस्तेदार तुला तीन खिडक्या फिरवील आणि बसभाड्यापेक्षा झेरॉक्सला जास्त जातील.

बटाटवडा घ्यायला हवा होतास. तिथला चांगला असतो.